वाचक विचारतात : ग्रुपवरचा मेसेज उडवावा की ठेवावा?

प्रश्न : टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवते. ‘काढा सुरू केल्यापासून मुलाचं इन्सुलिन निम्म्यावर आलं, आता बंदच करणार’ असं एका आईने लिहिलं. मी मेसेज उडवला आणि त्यांनाही ग्रुपमधून काढलं. तेव्हापासून ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’पलीकडे कोणी काही लिहीत नाही. माझं काय चुकलं? (एक ॲडमिन, सांगली)

उत्तर : मेसेज उडवलात ते ठीक. त्या बाईंना काढलंत, तिथे गडबड झाली. त्या बहुधा खोटं बोलत नव्हत्या. निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की पुढचे काही आठवडे किंवा महिने स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी पुन्हा थोडं काम करतात आणि बाहेरून द्यावं लागणारं इन्सुलिन कमी होतं. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात. नेमका याच काळात काढा सुरू केलेला असला तर श्रेय काढ्याला जातं. काही दिवसांनी गरज पुन्हा वाढते. तेव्हा इन्सुलिन बंद असेल तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, आणि मग थेट अतिदक्षता विभाग. म्हणजे सगळ्यात जास्त धोका ज्या मुलाला होता, त्याचीच आई तुमच्या नजरेआड गेली.

बाकीच्यांनी काय पाहिलं? ‘ॲडमिनने मेसेज डिलीट केला’ एवढी एक ओळ, आणि एक नाव गायब. कारण कोणालाच कळलं नाही. ज्यांच्या घरी असाच काढा चालू आहे ते आता तोंड उघडणार नाहीत, आणि काढा काही थांबणार नाही.

आधी त्यांना फोन करा. आजची शुगर आणि कीटोन विचारा, इन्सुलिन चालू आहे ना याची खात्री करा, त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावा, मग परत ग्रुपमध्ये घ्या. पुढच्या वेळी मेसेज उडवलात तर पाच मिनिटांच्या आत, कोणाचं नाव न घेता, त्याच जागी लिहा : ‘इन्सुलिन बंद करण्याबद्दलचा मेसेज काढला आहे. सुरुवातीला गरज कमी होते ती हनिमूनमुळे. काढा कोणी देत असाल तर जरूर सांगा, रागावणार नाही. इन्सुलिन मात्र थांबवू नका.’ ग्रुपमधून काढायचं ते काढा विकणाऱ्याला. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात 1954च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच बंद आहे. तिथे चर्चा करत बसू नका.

प्रश्न : डोसचे आकडे लिहायचे नाहीत असा आमचा नियम आहे. लोक म्हणतात, मग ग्रुप काय कामाचा?

उत्तर : नियम ठेवा, पण त्याचं कारण सांगा. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक 40 युनिट प्रति मिली, तर पेनातलं 100. सिरिंजही वेगळ्या : लाल टोपण 40ची, नारिंगी 100ची. 40च्या कुपीतून नारिंगी सिरिंजने ‘10’च्या खुणेपर्यंत भरलं तर मुलाला 4च युनिट मिळतात. उलट, 100चं इन्सुलिन लाल सिरिंजच्या ‘10’वर भरलं तर 25 युनिट जातात. ‘आम्ही 10 देतो’ या तीन शब्दांत यातलं काहीच दिसत नाही. वजन, वय, जेवण हे आणखी वेगळंच.

डोस सोडून बाकी सगळं मोकळं ठेवा : शाळेच्या डब्याचं गणित, सुई टोचून घ्यायला नकार, सासूबाईंचं ‘एक लाडू खाल्ला तर काय होतं’. सरसकट बंदी घातली की आकडे खासगी मेसेजमध्ये जातात आणि चूक दाखवायला तिथे कोणी नसतं.

प्रश्न : रात्री 10 ते सकाळी 6 फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं केलं तर?

उत्तर : नको. या पालकांची खरी वेळ पहाटे 3ची. झोप मोडते म्हणणाऱ्यांना ग्रुप म्यूट करायला शिकवा. एक मेसेज मात्र वर पिन करून ठेवा : शुगर 70च्या खाली गेली तर वजनाच्या दर किलोला 0.3 ग्रॅम ग्लुकोज (30 किलोच्या मुलाला सुमारे 9 ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे), 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 लावायचा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते, दर महिन्याला पुन्हा लावावी लागते. हे हमखास विसरलं जातं.

प्रश्न : सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरतात का?

उत्तर : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021मध्ये म्हटलं आहे की, समान हेतू किंवा आधीचा कट असल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे खटल्याच्या धास्तीने सरसकट मेसेज उडवू नका.