थायरॉइडमुळे रात्री पायात गोळे येतात, स्नायू फडफडतात. यावर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की हायपोथायरॉइडिझमची (थायरॉइडचं हार्मोन कमी पडण्याच्या आजाराची) गोळी सुरू होऊन ३ महिने झाले, टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा आकडा) खाली आला, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट छान आहे. तरी रात्री पोटरीत गोळा येऊन जाग येते, दिवसा कधी पापणी तर कधी मांडी फडफडते, आणि इंटरनेटवर वाचून मज्जातंतूंच्या मोठ्या आजाराची धास्ती बसली आहे. मी डॉक्टर नाही. पण हायपोथायरॉइडिझम बरीच वर्षं अंगावर आहे, पोटरीतले गोळे मी पुरेपूर भोगलेत, आणि माझ्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे समजून घेतलं ते इथे मांडते.

पहिली गोष्ट, रिपोर्ट आधी सुधारतो आणि स्नायू मागाहून सुधारतात. यातला काळ आठवड्यांचा नसून बहुधा महिन्यांचा असतो. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर बरीच काळजी वाचली असती, म्हणून तुम्हाला सांगते.

असं का होतं, तर स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या पेशीच्या आत कॅल्शियम मोकळं सुटतं. तो सैल पडायचा तर हे कॅल्शियम पुन्हा आतल्या साठ्यात ओढून घ्यावं लागतं. हे काम करणारे बारीक पंप पेशीत किती तयार व्हायचे, हे बऱ्याच अंशी थायरॉइडचं हार्मोन ठरवतं. हार्मोन कमी पडलं की पंप कमी पडतात, आणि स्नायू आकसतो पण सुटायला वेळ लावतो. मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं. डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहायला सांगितलं, पावलं मागे मोकळी लोंबती, आणि टाचेच्या वरच्या कंडरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर परत येताना इतकं सावकाश आलं की शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बहिणीलाही फरक कळला. त्यानंतर ‘मनाचे खेळ आहेत’ असं घरात कुणी म्हणालं नाही.

शिवाय हार्मोन कमी असताना स्नायूंना ग्लायकोजेनमधून, म्हणजे साठवलेल्या साखरेतून, ऊर्जा काढणंही जड जातं, आणि जलद काम करणारे तंतू बारीक होतात. म्हणून पायात गोळे येण्याच्या जोडीला जिना चढताना मांड्या भरून येणं, हात वर करून केस विंचरताना खांदे दुखणं, सकाळी अंग आखडणं हेही दिसतं. रक्तात सीपीके नावाचं स्नायूंचं एन्झाइम वाढलेलं सापडतं. यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एसजीओटी हे एन्झाइमही वाढू शकतं, आणि ते बघून उगाच यकृताचा संशय घेतला जातो. टीएसएच जागेवर आल्यावर पंप, तंतू, एन्झाइम सगळं मूळपदावर येतं, फक्त त्याला वेळ लागतो.

आता तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या करून बघा. गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जीव जाईल असं दुखतं आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत तो सुटतो. फडफडण्यात दुखत नाही, कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं दिसतं आणि हात-पाय हलत नाही. या दोन्हींहून वेगळी तिसरी एक गोष्ट आहे, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणं आणि हात आपोआप आखडणं. ही तिसरी असेल तर आधी रक्तातलं कॅल्शियम तपासायचं. थायरॉइडचं ऑपरेशन झालेल्यांना हे जास्त होतं, कारण थायरॉइडला चिकटून असलेल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्या जाऊ शकतात आणि कॅल्शियम सांभाळणं त्यांचंच काम असतं. अशा माणसाचा रक्तदाब मोजताना पट्टा काही मिनिटं फुगवलेला ठेवला तर मनगट वाकतं, अंगठा तळव्याकडे ओढला जातो आणि बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटतात. तुमचं ऑपरेशन झालंय का, हे प्रश्नात नाही. झालं असेल आणि यातलं काही जाणवत असेल, तर पुढचं वाचणं बाजूला ठेवून आजच डॉक्टरांना फोन करा.

फडफडण्याबद्दल एक शंका डॉक्टरांना जरूर विचारा. थायरॉइड जास्त चालतो तेव्हा हात थरथरणं आणि स्नायू फडफडणं ठळक असतं. त्यामुळे गोळी घेणाऱ्या हायपोच्या पेशंटला छातीत धडधड, घाम, झोप उडणं, वजन उतरणं आणि बोटांची बारीक थरथर हे सगळं एकत्र सुरू झालं, तर डोस गरजेपेक्षा वर गेला असण्याची शक्यता असते. हाताची थरथर बघायला दोन्ही हात समोर ताठ धरून बोटं पसरायची आणि वर एक कोरा कागद ठेवायचा. कागदाची कड थरथरते का ते दिसतं. मात्र डोस आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाची, शरीरातली मात्रा निम्मी व्हायला साधारण ७ दिवस लागतात. आज गोळी चुकवली म्हणून उद्या फडफड थांबत नाही, आणि पुढच्या तपासणीचा आकडा मात्र गोंधळात टाकणारा येतो. डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी बघतात तेही याचसाठी.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त जोर देईन ती. पायात गोळे येतात म्हटलं की भेटेल तो माणूस कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा लोहाची गोळी सुचवतो. या तिन्ही गोष्टी थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी उतरत नाही. म्हणजे गोळे थांबावेत म्हणून कॅल्शियम सुरू करायचं, त्या कॅल्शियमने थायरॉइडचं औषध अडवायचं, टीएसएच पुन्हा वर, आणि गोळे तसेच. वर डॉक्टर बिचारे डोस वाढवत राहतात. माझ्या ओळखीत एकीचं अगदी हेच चाललं होतं. दोन गोळ्यांच्या वेळा लांब केल्या आणि डोस न वाढवता तिचा आकडा उतरला. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची, पुढे ३० ते ६० मिनिटं काही खायचं नाही आणि कॉफीही नाही. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा त्यांचं मिश्रण असलेली मल्टिव्हिटॅमिन तिच्यापासून निदान ४ तास दूर. अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी चालू असेल तर तेही सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, आणि त्यातली ओमेप्राझोलच्या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेतली तर रक्तातलं मॅग्नेशियमही उतरू शकतं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान २ दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून. काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.

तपासण्या कोणत्या मागायच्या? टीएसएचच्या जोडीला फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन), कॅल्शियम आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर, व्हिटॅमिन डी, बी१२ आणि सीपीके. यादी मोठी वाटेल, पण एकदाच्या रक्तात भागते. बी१२ मी मुद्दाम म्हणते. हायपोथायरॉइडिझमचं एक मोठं कारण हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला, आणि अशा लोकांत बी१२ शोषून घेण्याची यंत्रणाही बिघडलेली असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ज्याची कमतरता निघेल ते जरूर भरून काढा. कमतरता नसताना निव्वळ पायात गोळे येतात म्हणून मॅग्नेशियम घेतलं तर फारसा फायदा होत नाही, असंच वयस्क लोकांवरच्या अभ्यासांतून दिसलंय.

चालू असलेली इतर औषधंही एका कागदावर लिहून न्या. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन वर्गातली गोळी स्नायूंना त्रास देऊ शकते, आणि थायरॉइड कमी असताना हा धोका वाढतो. गंमत अशी की थायरॉइड कमी असल्यानेच कोलेस्टेरॉल वाढलेलं असतं, आणि टीएसएच ताळ्यावर आला की ते बऱ्याचदा उतरतं. लघवी जास्त होण्याची औषधं आणि दम्याचा सॅल्ब्युटामॉल पंप यांनीही गोळे किंवा थरथर होते.

प्रत्यक्ष रात्री गोळा आला की काय करायचं ते सांगते. पोटरी दोन्ही हातांनी आवळून धरायची इच्छा होते, पण त्याने काही होत नाही. गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्या नडगीकडे ओढा. हात पोचत नसेल तर चादर तळव्याला अडकवून दोन्ही टोकं हळूहळू खेचा. उभं राहता येत असेल तर टाच जमिनीला घट्ट टेकवून त्या पायावर भार द्या. झटका देऊ नका, ओढ वाढवत न्या आणि स्नायू सुटला तरी अर्धा मिनिट तसंच धरा, नाहीतर तो परत पकडतो. मग शेक द्या. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच खाली, असा पोटरीचा ताण रोज दिला की मला फरक पडला. पांघरुणाच्या वजनाने पावलं रात्रभर खाली वाकलेली राहत असतील तर पायाशी पांघरूण सैल ठेवा. क्विनाइन हे पायात येणाऱ्या गोळ्यांवरचं जुनं औषध कुणी सुचवलं तर आपल्या मनाने अजिबात घेऊ नका. ते हृदयाची लय बिघडवू शकतं आणि रक्तातल्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं.

सीपीके खूप वाढलेलं असताना जिममध्ये जाऊन वजनं उचलू नका. चालणं, हलके ताण, एवढं पुरे. आकडा उतरला की ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवा, मांड्यांचा थकवा त्यानेच जातो.

आणि त्या धास्तीबद्दल. नुसतं फडफडणं, तेही आज पापणी, उद्या मांडी, परवा दंड असं फिरतं, आणि ताकद शाबूत आहे, हे निरोगी माणसांतही खूप दिसतं. जागरण, चहा-कॉफी आणि चिंता या तिघांनी ते वाढतं. दिवसभर त्या मांडीकडे बघत बसल्याने तर हमखास वाढतं. मज्जातंतूंच्या ज्या आजाराची तुम्हाला भीती वाटतेय त्यात ताकद जाणं मुख्य असतं: बटण लावता न येणं, पाऊल अडखळणं, बोलणं जड होणं, एखादा स्नायू डोळ्यांना दिसेल इतका बारीक होणं. तुमच्या प्रश्नात यातलं काहीही नाही. असेल तर मात्र थायरॉइडच्या खात्यात टाकून वाट बघू नका.

तातडीने दवाखाना गाठायच्या गोष्टी अशा: हात आखडून श्वास घेताना घशात अडकणं किंवा फिट येणं, गडद तपकिरी लघवी आणि सर्वांगाचे स्नायू दुखणं, एकाच पोटरीला सूज येऊन ती लाल-गरम होणं, छातीची अनियमित धडधड. आणि ज्यांचा थायरॉइड जास्त चालतो, विशेषतः तरुण पुरुष, त्यांना सकाळी उठताना एकदम पायच उचलता आले नाहीत तर रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं. तो प्रकार आशियाई पुरुषांत जास्त आढळतो आणि वेळेवर उपचार झाले तर ताकद पूर्ण परत येते.

पुढच्या भेटीपर्यंत एक वही ठेवा. कुठला स्नायू, रात्री की दिवसा, किती वेळ, त्या दिवशी गोळी कधी घेतली, झोप किती झाली. टीएसएच सलग सहा महिने स्थिर राहूनही गोळे कमी होत नसतील, किंवा हाताची बोटं रात्री बधिर होत असतील (हायपोमध्ये मनगटातली नस दाबली जाणं बऱ्याच जणांना होतं), तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि नसांची व स्नायूंची तपासणी करावी का ते विचारा.