मी मानत नाही, पण ही माणसं माझी आहेत

"मॅडम, माझा देवावर विश्वास राहिलेला नाही. घरी कळलं तर काय होईल?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. विचारणारे वेगवेगळ्या धर्मांचे असतात, वेगवेगळ्या वयांचे असतात, घुसमट मात्र तीच असते. म्हणून ज्याची गोष्ट सांगते आहे त्याचा धर्म मी मुद्दाम लिहीत नाही. ओळख पटू नये म्हणून तपशीलही बदलले आहेत.

तो पस्तिशीचा. घर श्रद्धाळू, मित्र, नातलग सगळे त्याच समाजातले. झोप लागत नाही म्हणून आला होता. खरं कारण तिसऱ्या भेटीत निघालं.

"प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात. मी जमिनीकडे बघत बसतो. परवा मान वर केली, तर माझी आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचेही डोळे उघडे होते."

"मग?"

"मी पटकन मिटून घेतले." त्याचा आवाज फुटला. "पोरीसमोर नाटक केलं हो मी."

मला वाटलं, याला बोलण्याचं धैर्य हवं आहे. आईशी काय बोलायचं, कसं बोलायचं, याची आम्ही तयारी केली. दर वेळी तो न बोलताच परत यायचा. शेवटी मी तयारी बाजूला ठेवली आणि विचारलं, "विश्वास होता तेव्हाचं काय आठवतं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रात्री दिवा मालवला की मी बोलायचो. दिवसभरातलं सगळं सांगायचो. अजूनही अंधारात शब्द ओठांपर्यंत येतात. पण ऐकणारं कोणी नाही."

आणि तो रडला. पहिल्यांदाच.

श्रद्धा सुटली म्हणजे माणूस मोकळा झाला, असं आपण धरून चालतो. पुष्कळांच्या बाबतीत ते शोकासारखं असतं, आणि शोक करायलाही परवानगी नसते. कुणाला सांगणार? श्रद्धाळू म्हणतील, मग परत ये. नास्तिक मित्र म्हणतील, त्यात रडायचं काय? त्या दिवशी मी त्याला काहीही समजावलं नाही. पुढच्या वेळी तो आला तेव्हा चार रात्री नीट झोपला होता.

त्यानंतर आम्ही भीतीकडे वळलो.

"आईला कळलं तर?"

"ती खचेल."

"आणि?"

"मी तिचा राहणार नाही."

"असं आई म्हणाली?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "मीच."

'मी मानत नाही' आणि 'मी यांचा नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यानं ती एकात एक विणून टाकली होती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांनी तेच केलेलं असतं. हा धागा सुटा करणं हेच खरं काम, असं माझं अनुभवांती मत झालं आहे.

त्रासामागचे ताठर विचार तपासून बदलण्याच्या ज्या विवेकनिष्ठ पद्धतीनं मी काम करते तिचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, स्वतः नास्तिक होते. धार्मिकता मनाला अपायकारक आहे, असं ते आधी ठामपणे मांडायचे. पुढे त्यांनी ते मत मवाळ केलं आणि दोष श्रद्धेपेक्षा ताठर आग्रहाचा आहे, असं म्हटलं. हे दोन्हीकडे लागू पडतं. 'मुलानं मानलंच पाहिजे' हा आग्रह, तसाच 'आईनं मला समजून घेतलंच पाहिजे' हाही आग्रहच.

त्याला मी चार्ल्स डार्विनची गोष्ट सांगितली. १८३९ मध्ये, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, पत्नी एमानं त्यांना पत्र लिहिलं होतं. त्यांच्या धर्माबद्दलच्या शंकांमुळे आपण कायमचे एकमेकांचे राहणार नाही, ही तिची भीती होती. डार्विन श्रद्धेकडे परतले नाहीत. पण ते पत्र त्यांनी जपून ठेवलं, आणि आपण कितीदा त्याचं चुंबन घेऊन रडलो आहोत, हे त्यावरच लिहून ठेवलं. १८८२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोवर संसार टिकला. गावच्या धर्मगुरूंशीही त्यांची मैत्री होती.

"म्हणजे मतभेद मिटलेच नाहीत?" त्यानं विचारलं.

"नाही मिटले."

हे ऐकून त्याचे खांदे सैल पडले, ते मला स्पष्ट दिसलं.

मग रेघ कुठे मारायची ते त्यानंच ठरवलं. आईसोबत बसणं ही सोबत, ती तो देणार. सर्वांसमोर श्रद्धेची ग्वाही देणं म्हणजे खोटं बोलणं, ते तो करणार नाही. तुमची रेघ दुसरीकडे असू शकेल. स्वतःला एवढंच विचारा: हे मी मायेपोटी करतो आहे की भीतीपोटी?

सांगायचंच असेल तर आधी एकाच माणसाला सांगा. भांडणाच्या भरात नको, घरात कुणी आजारी असताना नको. सुरुवात नात्यापासून करा, देव आहे की नाही या वादात शिरू नका. समोरचा रडेल, स्वतःच्या संस्कारांना दोष देईल, समजवायला कुणाला पाठवेल. तुम्हाला इथवर यायला वर्षं लागली. आईला एका संध्याकाळी पोचायला सांगू नका.

आणि सांगितल्यानं मारहाण होणार असेल, घर किंवा पोटापाण्याचं साधन जाणार असेल, तर गप्प राहा. काही देशांत धर्म सोडणं आजही गुन्हा आहे, काही ठिकाणी त्याला मृत्युदंडाची तरतूद आहे. अशा वेळचं मौन हा भित्रेपणा नव्हे. आधी स्वतःच्या पायावर उभे राहा, विश्वासाचा एक माणूस जोडा.

त्यानं मुलीला आधी सांगितलं. "आजी मानते, मी मानत नाही. तू मोठी झालीस की तुझं तू ठरव." तिनं विचारलं, "मग तुम्ही येता कशाला?" तो म्हणाला, "आजीसाठी."

आईला सांगायला आणखी पाच महिने गेले. ती दोन आठवडे त्याच्याशी धड बोलली नाही. मग एका सकाळी तिनंच हाक मारली, गुडघे दुखत होते, प्रार्थनेला सोबत हवी होती. तो गेला, शेजारी बसला. सगळ्यांनी डोळे मिटले. मिटण्याआधी ती त्याच्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "तुझे उघडेच असतात ना, मग माझी काठी पडणार नाही एवढं बघ."