नोकरी सांभाळून, क्लास न लावता राज्यसेवा पूर्व परीक्षा पास होता येते का?

तुम्ही लिहिलंय की बार्शीजवळच्या गावात राहता, साखर कारखान्यात कारकून आहात, पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लास हे सगळं झेपणारं नाही. दोनदा पूर्व परीक्षा 5-6 गुणांनी गेली, तर आता कोणती पुस्तकं वाचू?

पास होता येतं. मी परभणी जिल्ह्यातल्या गावात राहून, एका खासगी शाळेत शिकवत तिसऱ्या प्रयत्नात पूर्व पास झाले. आज महसूल खात्यात आहे. पण पुस्तकांची यादी मी देणार नाही, कारण तुमची अडचण तिथे दिसत नाही.

गणित बघा. सामान्य अध्ययनाच्या पेपरला 100 प्रश्न, 200 गुण, दोन तास. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. म्हणजे येत असलेला एक प्रश्न चुकला तर अडीच गुण जातात. असे दोन प्रश्न चुकले की 5 गुण गेले. तुमचे दोन्ही निकाल एवढ्यावरच अडलेत. नवीन पुस्तक आणलं तर असे प्रश्न कमी चुकतील असं नाही.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संकेतस्थळावरून जुने पेपर आणि त्यांच्या अंतिम उत्तरतालिका काढल्या. अंतिमच घ्या. पहिल्या तालिकेवर हरकती येतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर सोडवायचा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत तीनपैकी एका कप्प्यात टाकायचा: माहीतच नव्हतं, वाचलं होतं पण डगमगले, प्रश्न नीट वाचला नाही. मला वाटत होतं पहिला कप्पा भरून वाहील. भरला दुसरा. तिसऱ्यातही इतके प्रश्न निघाले की रडू आलं. ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारलेलं आणि मी योग्य विधानाचा गोल रंगवलेला. त्यानंतर ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘केवळ’ या शब्दांखाली पेनाने रेघ मारल्याशिवाय मी पर्यायांकडे बघितलं नाही.

दुसरा कप्पा कसा भरतो ते एका विधानावरून सांगते. ‘राष्ट्रपती साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतील 12 व्यक्तींना राज्यसभेवर नामनिर्देशित करतात.’ वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. 12 हा आकडाही बरोबर आहे. पण कलम 80 मध्ये सहकारी चळवळ नाही. ती कलम 171 मध्ये, विधान परिषदेसाठी राज्यपालांच्या यादीत आहे. त्यात आपल्या विधान परिषदेवरही नामनिर्देशित सदस्य 12च, त्यामुळे आकडा बघून काहीच कळत नाही. तुमच्या तर रोज कानावर सहकार पडतो, तो शब्द तुम्हाला खटकणारच नाही. म्हणून मी राज्यघटना जोड्यांनी वाचली: राष्ट्रपती-राज्यपाल, राज्यसभा-विधान परिषद, वहीच्या एका पानावर समोरासमोर. एका बाजूला जे आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तेवढंच लाल पेनाने. इतिहासातही तेच. प्रार्थना समाज 1867, सार्वजनिक सभा 1870, सत्यशोधक समाज 1873, हंटर आयोग 1882, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884. ही पाच सालं एका दमात म्हणता आली की कालक्रमाचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो.

अंदाजाने किती गोल रंगवावेत हे सगळेच विचारतात. दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर बिनधास्त रंगवा. असे 12 प्रश्न निघाले आणि निम्मे चुकले तरी 12 उणे 3, म्हणजे 9 गुण हातात राहतात. एकच पर्याय कटला तरी हिशेब थोडा आपल्या बाजूने असतो. काहीच कटत नसेल तर मी सोडून द्यायचे. कागदावर तिथेही किंचित फायदा दिसतो, पण पेपर काढणारा चुकीचा पर्यायच जास्त आकर्षक करून ठेवतो आणि आपला हात नेमका तिकडे जातो.

सीसॅटकडे, म्हणजे उतारे आणि गणित-बुद्धिमत्तेच्या दुसऱ्या पेपरकडे मात्र ‘फक्त पात्र तर व्हायचंय’ म्हणून दुर्लक्ष करू नका, हे हात जोडून सांगते. 80 प्रश्न, 200 गुण, पात्रतेला 33 टक्के, म्हणजे 66 गुण. एका प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीला पाव वजावट. 30 बरोबर आले आणि 14 चुकले तर 66.25 होतात, म्हणजे काठावर. माझ्या मैत्रिणीचा पहिला पेपर माझ्यापेक्षा चांगला गेला होता, ती सीसॅटमध्ये अडकली. त्या वर्षी तिने उताऱ्यांचा एकही सराव केला नव्हता. रोज दोन उतारे आणि दहा गणितं-बुद्धिमत्ता, एवढं जेवणाच्या सुट्टीतही होतं. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना वजावट नसते, त्यातला एकही कोरा ठेवू नका.

नोकरीत वेळ कुठून आणायचा? मी पहाटे साडेचार ते सात बसायचे. संध्याकाळी डोकं चालत नाही, तेव्हा फक्त वही चाळायची. तुमची गाळपाच्या हंगामात ओढाताण होणार, त्या महिन्यांत नवीन काही धरू नका, पेपर तेवढे चालू ठेवा. पाया कच्चा वाटला तर सहावी ते बारावीची राज्य मंडळाची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सोबत राज्याची आर्थिक पाहणी. मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे आठवड्यातून दोनदा एखाद्या विषयावर पानभर लिहायची सवय आत्तापासूनच ठेवा.

आणि उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून घरीही गोलच रंगवा, नुसती टिक करू नका. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी शंभराला आठ मिनिटं लागतात. मी हे परीक्षा हॉलमध्ये शिकले आणि शेवटचे सात प्रश्न न वाचताच राहिले.

या रविवारी एक पेपर सोडवा आणि तुमचा कोणता कप्पा सगळ्यात मोठा निघाला ते मला कळवा, पुढचं त्यावरून सांगते.