उधारीची वही आणि हॉस्पिटलचा काउंटर

मिरजेहून आलेलं पत्र थोडक्यात असं. बी.कॉम. झालंय, टॅली येतं, एमएस-सीआयटी केलंय. चाळीस खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलनं बिलिंगला बोलावलंय, पगार १३ हजार, होकार सोमवारपर्यंत कळवायचाय. वडिलांचं किराणा दुकान आहे आणि त्यांना ही नोकरी पसंत नाही. "धडधाकट माणसाकडे उधारी मागताना जीभ अडखळते, तू आजारी माणसाच्या उशाशी उभी राहून मागणार? तळतळाट घ्यायचं काम आहे ते." आणि तुझा प्रश्न: यात करिअर असतं, की मी वसुलीवाली होऊन बसेन?

वडिलांचं निम्मं बरोबर आहे. पण त्यांनाच एक विचारून बघ. जी उधारी बुडाली, ती मागताना बुडाली की देतानाच? कुठलाही जुना दुकानदार सांगेल, देतानाच. कोणाला किती द्यायचं, कधीपर्यंत द्यायचं हे बोलून घेतलं नाही, नुसतं वहीत लिहिलं, तिथेच ते पैसे गेले. हॉस्पिटलचंही तसंच आहे. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर जी भांडणं होतात, त्यांतली बरीचशी अ‍ॅडमिशनच्या दिवशी कोणी नीट बोललं नाही म्हणून होतात.

घरचंच सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या मामांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पॉलिसी चार लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ४,०००. मामी म्हणाल्या जरा मोकळी खोली घेऊ, आणि ६,००० ची घेतली. काउंटरवरच्या मुलानं 'कॅशलेस आहे ना, काळजी नको' म्हणून सही घेतली. तीन दिवसांनी कळलं की तीन दिवसांच्या खोलीचा फरक ६,००० आहेच, पण पॉलिसीच्या अटीप्रमाणे सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट या सगळ्यांचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे सहाला चार या हिशेबानं, कापले गेले. ९० हजारांतले ६० हजार मंजूर. म्हणजे एकूण ३६ हजार खिशातून. वर हातमोजे-बितमोजे वेगळे. शिवाय आयसीयू सोडून दिवसाला ५,००० च्या वरची खोली असेल, तर २०२२ च्या जुलैपासून तिच्यावर पाच टक्के जीएसटी लागतो. तो ९०० रुपये. मामा गप्प बसले, मामी रडल्या, मी त्या मुलाशी भांडलो. त्याचा दोष एवढाच, की खोली ठरवताना त्याला दोन मिनिटं बोलायला कोणी शिकवलं नव्हतं.

ती दोन मिनिटं म्हणजे तुझी नोकरी. बाकीचं सॉफ्टवेअर करतं.

म्हणून पहिल्या महिन्यात बिल करायला शिकण्याआधी बोलायला शीक. 'पैसे भरले का?' असं रोज विचारणारी बाई कोणालाच नको असते. 'काका, आजपर्यंत ३८ हजार झालेत, उद्या एमआरआय सांगितलाय, तो धरून इतके होतील. जमतंय का, की आत्ताच डॉक्टरांशी बोलायचं?' असं रोज सांगणाऱ्या मुलीला लोक घरच्या अडचणी सांगतात. रनिंग बिल रोज दाखवलं की शेवटच्या आकड्यानं कोणी हबकत नाही. मिरजेत तर तुझी आणखी एक जमेची बाजू होऊ शकते. तिथे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं, कर्नाटकातून पेशंट येण्याची गावाला जुनी सवय आहे. कन्नड येत नसेल तर कामापुरतं शीक. बेळगावकडच्या म्हाताऱ्या बाईला तिच्या भाषेत बिल समजावून सांगणारी मुलगी हॉस्पिटल सहजासहजी सोडत नाही.

आता पैसे खरंच नसतील तर? इथे वडिलांच्या मनातला तळतळाट येतो, आणि इथेच चांगली बिलिंगवाली ओळखू येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हॉस्पिटल असेल, तर रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी मागून आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या मदतनीसाकडे, पाठव. तिसऱ्या दिवशी आठवलं तर सगळ्यांचीच धावपळ होते. कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांनाही ही योजना लागू करायचं महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ठरवलं, ते तुझ्या गावी विशेष उपयोगाचं. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तुला बोलावलेलं हॉस्पिटल यांतलं कशातच नसेल, तरी दुसरीकडे कुठे होईल हे ठाऊक असलेला माणूस काउंटरवर हवा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नकोस, साहेबांनी सांगितली तरी. बिल थकलं म्हणून पेशंटला अडवून ठेवणं बेकायदेशीर आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. मृतदेह अडवण्याचा तर प्रश्नच येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत ते स्वच्छ लिहिलंय. राहिलेल्या पैशासाठी हॉस्पिटलला कायद्याचा रस्ता मोकळा आहे, दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. त्यामुळे बाकी ठेवून जाणाऱ्याकडून रक्कम, हप्ते आणि तारखा लिहून, सही घेऊन ठेव. नंतर फोन करशील तो ज्यानं सही केली त्यालाच. शेजाऱ्याला नाही, मेव्हण्याला नाही, आणि आजाराचं नाव तर कोणापुढेच नाही.

डॉक्टरांचंही एक सांगून ठेवतो. राउंडला जाता जाता ते 'पाच हजार कमी करा' म्हणतात आणि संध्याकाळी विसरतात. महिन्याच्या शेवटी हिशेबात खड्डा पडतो तो तुझ्या नावावर. सवलत कितीही छोटी असो, कागदावर सही हवी. सुरुवातीला राग येईल त्यांना. येऊ दे.

मोठं बिल कोणी रोखीत भरायला आलं, तर तेही बघ. एका उपचारासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दोन दिवसांत तुकडे करून घेतल्यानंही सुटका होत नाही. म्हैस विकून पिशवीत पैसे घेऊन आलेल्या माणसाला हे ऐन वेळी सांगणं फार वाईट. तेही आधीच सांगायचं.

करिअरचं म्हणशील, तर वर जायची वाट विम्याच्या टेबलावरून जाते. सहा-आठ महिन्यांनी टीपीए डेस्क मागून घे; टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणारी मध्यस्थ संस्था. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या मागणीवर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. आता कंपनीनं शंका काढली तर दोष कोणाचा, हे तुझ्या कागदांवर ठरतं. डिस्चार्ज समरीत एक तारीख चुकली की ते तीन तास तुझ्याच टेबलावर संपतात. तुझं बी.कॉम. इथे कामी येईल. ४०,००० मंजूर झाले आणि बँकेत ३६,००० आले, तर नवखा क्लार्क कंपनीला फोन लावतो. तुला कळायला हवं की दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापलाय, तो हॉस्पिटलच्या पॅनवर जमा दिसतो का हे तपासायचं. दिसत नसेल तेव्हा फोन लावायचा. अशी बाकी दर महिन्याला जुळवणारा माणूस छोट्या हॉस्पिटलांना मिळत नाही.

नोकरी करता करता भारतीय विमा संस्थेची लायसेंशिएट परीक्षा दे. पुढे हॉस्पिटल व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यावीशी वाटली, तर ती दोन वर्षांच्या कामानंतर घे, आधी नको. 'सहा महिन्यांत मेडिकल बिलिंग' असल्या महागड्या वर्गांना आत्ता एक रुपयाही देऊ नकोस.

पुण्यात आणि ऐरोलीत अमेरिकी हॉस्पिटलांची बिलं बघणाऱ्या कंपन्या आहेत, हे तुला मैत्रिणीनं सांगितलंय. खरं आहे, पगारही तिथे बरा असतो. रात्रीची पाळी, आणि फोन करायचा तो पेशंटला नाही, बहुतेक वेळा तिथल्या विमा कंपनीला: दावा का नाकारला? इंग्रजी बोलणं चोख हवं. कोडिंगमध्ये, म्हणजे आजार-उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक द्यायच्या कामात, जायचं असेल तर सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा आहे, शंभर प्रश्न, चार तास; पण त्याला शरीरशास्त्राची तयारी लागते. माझं मत, वर्षभर मिरजेत काढ. एकदा खरं बिल हातून गेलं की तिकडचंही लवकर समजेल.

१३ हजार कमी आहेत. पीएफ आहे का, रविवारी पाळी असते का, काउंटरला रोख कमी भरली तर पगारातून कापतात का, हे तिन्ही विचार. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर लेखी नियम दाखवा म्हण. आणि सोमवारच्या आधी एकदा तिथे सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान जाऊन नुसती बसून ये. डिस्चार्जची गर्दी असते त्या वेळी. २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली हवी. आहे का बघ. कोणी आवाज चढवला तर काउंटरवरचा माणूस काय करतो, आणि आतून कोणी वरिष्ठ बाहेर येतो का, तेही बघ. जमलं तर वडिलांना सोबत ने.