कॅनडात बंदूक बाळगायची म्हणजे: समीरच्या प्रश्नाला उत्तर

समीर, तुझा मेसेज सविस्तर होता, म्हणून उत्तरही लांबणार. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, आलं आणि जूनमध्ये सस्कॅचवान प्रांतातल्या सस्काटूनला निघताय, हे वाचून बरं वाटलं. घरभाडं, थंडीचे कपडे आणि पोराच्या शाळेचं आमच्या घरचं मंडळ तुझ्या बायकोला फोनवर सांगतंच आहे. मला तू बंदुकीचं विचारलंयस. आजोबांची ठासणीची बंदूक आणता येईल का, इथं शिकारीचा परवाना मिळतो का, आणि टोरांटोच्या तुझ्या मेहुण्यानं जे डोक्यात भरवलंय, "नोंदणी केलीस की नाव यादीत गेलं, उद्या सरकार दारात", त्यात तथ्य किती?

आधी सोपं उरकतो. बंदूक सावंतवाडीतच राहू दे. तिचा परवाना आजोबांच्या नावावर, तोही शेतीसंरक्षणाचा. ती देशाबाहेर काढायला भारतात वेगळी परवानगी आणि इथं कस्टमचे सोपस्कार. इतका खटाटोप करण्याजोगी ती वस्तू नाही. ठासणीची म्हणजे इथं पुरातन वस्तू समजतील, परवाना लागणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तोड्याच्या किंवा गारगोटीच्या चापाची असेल तर ते खरं आहे. आपल्याकडच्या बहुतेक बंदुकांचा घोडा स्फोटक टोपीवर आपटून बार उडतो, आणि तसली बंदूक १८९८ मध्ये किंवा त्यानंतर बनलेली असेल तर कॅनडाच्या कायद्यात ती सरळसरळ बंदूक, परवाना हवाच. आणखी एक: निघण्याआधी बॅगांचे कप्पे झाडून बघ. कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि विमान जातं. पोराचं पिस्तूल खऱ्यासारखं दिसणारं असेल तर तेही घरीच ठेव. हुबेहूब नकली हत्यारावर इथं बंदी आहे.

आता मेहुण्याच्या मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे परवाना आणि नोंदणी असा भेद मनात येत नाही, कारण परवान्याच्या पुस्तकातच बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. कॅनडात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना माणसाचा, नोंदणी हत्याराची. इथल्या गेल्या तीस वर्षांच्या भांडणातला बराचसा गोंधळ या दोन्हींची खिचडी केल्यामुळे होतो, आणि तुझा मेहुणाही तेच करतोय.

पिस्तुलांची नोंदणी इथं १९३४ पासून आहे, त्याबद्दल फारसं कुणी भांडत नाही. भांडण झालं ते लांब नळीच्या, म्हणजे शिकारीच्या आणि शेतावरच्या बंदुकांवरून. ६ डिसेंबर १९८९ ला माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, एकोल पॉलितेक्निकमध्ये, एकानं वर्गात शिरून मुलींना वेगळं काढलं आणि गोळ्या घातल्या. १४ जणी गेल्या. त्याच्याकडची रायफल होती रुगर मिनी-१४, कायदेशीर विकत घेतलेली. त्यातून वाचलेल्या विद्यार्थिनी आणि मेलेल्यांचे आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि १९९५ मध्ये नवा कायदा आला. २००१ पासून प्रत्येक मालकाला परवाना आणि २००३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंदणी सक्तीची झाली.

सरकारनं सांगितलं होतं की फीचे पैसे वजा जाता नोंदणीचा खर्च २० लाख डॉलर पडेल. २००२ मध्ये महालेखापाल शीला फ्रेझर यांनी अहवाल दिला, की हा सगळा कार्यक्रम काही वर्षांतच १ अब्ज डॉलरच्या वर जाईल. सस्कॅचवानमधले शेतकरी आजही हा आकडा तोंडपाठ सांगतात. नोंदणीच्या बाजूचे लोकही काही हवेत बोलत नव्हते, हे लक्षात ठेव. पोलीसप्रमुखांची संघटना तिच्या बाजूनं होती, बायकांसाठी निवारागृहं चालवणाऱ्या संस्था होत्या. नवरा मारहाण करतो, कोर्टानं त्याच्याकडची हत्यारं काढून घ्यायला सांगितलं, तर त्याच्याकडे दोन आहेत की पाच, हे पोलिसाला कळणार कुठून? गावाकडच्या घरगुती खुनात शिकारीचीच बंदूक वापरली जाते, गुंडाचं पिस्तूल नाही. हा मुद्दा मला आजही पटतो. समोरच्यांचं म्हणणं सरळ होतं: गुंड काही नोंदणी करायला जात नाही, मग फॉर्म भरायचे, फी भरायची, चूक झाली तर गुन्हेगार ठरायचं ते आम्हीच. बदकं मारायची जुनी शॉटगन माळ्यावर विसरली म्हणून फौजदारी कशाला?

२०१० मध्ये ही नोंदणी रद्द करायचा प्रस्ताव संसदेत १५३ विरुद्ध १५१ असा पडला. २०१२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्या सरकारनं ती रद्द केलीच, वर जमलेली सगळी माहिती नष्ट करायचा आदेश दिला. क्वेबेकनं आपल्या प्रांतापुरती माहिती मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये क्वेबेक ५ विरुद्ध ४ असं हरलं. मग त्यांनी स्वतःची नोंदणी उभी केली, ती २०१८ पासून चालू आहे. म्हणजे उद्या तू नोकरीसाठी माँट्रियलला गेलास तर तिथं साध्या शॉटगनचीही नोंदणी करावी लागेल. सस्काटूनला नाही.

एप्रिल २०२० मध्ये नोव्हा स्कोशिया प्रांतात एकानं पोलिसाचा वेष करून २२ माणसं मारली. त्याच्याकडे परवाना नव्हता आणि बहुतेक हत्यारं अमेरिकेतून चोरट्या मार्गानं आणलेली होती. तरी १ मे २०२० ला केंद्र सरकारनं एका फटक्यात १,५०० हून अधिक प्रकारच्या हत्यारांवर बंदी घातली. संसदेत विधेयक नाही, चर्चा नाही, मंत्रिमंडळाचा आदेश. नंतर यादीत आणखी भर पडली. पुढे २१ ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली.

माझ्या कामावरचा एक सहकारी आहे, इथलाच, बाप-आजोबा गव्हाचे शेतकरी. त्याची एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल रीतसर नोंदवलेली होती, कारण ती आधीपासून 'निर्बंधित', म्हणजे नोंदणी कधीच न सुटलेल्या वर्गातली. त्याला पत्र आलं: तुमचं नोंदणी प्रमाणपत्र आता रद्द समजावं. तेव्हापासून ती त्याच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, न्यायची नाही, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. जवळ ठेवली तरी गुन्हा धरणार नाही, या अभयाची मुदत दरवेळी वाढत गेली, शेवटची वाढ ३० ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. नुकसानभरपाई आधी दुकानदारांना, मग खासगी मालकांना, असं रडतखडत चाललंय. त्याचा राग पैशांवर नाही. तो म्हणतो, "मी सगळं सांगितलं म्हणून माझं नाव त्यांच्याकडे आहे."

आणि याच्या उलट गंमत बघ. माँट्रियलमध्ये वापरलेली ती मिनी-१४ बंदीच्या आधी साध्या, म्हणजे निर्बंध नसलेल्या वर्गात मोडायची. तिची नोंद २०१२ मध्ये पुसली गेली. २०२० मध्ये तिच्यावरही बंदी आली, पण क्वेबेक सोडलं तर ती कुणाकुणाच्या घरात आहे हे सरकारला धड ठाऊकच नाही. नोंदवलेल्याला पत्र, न नोंदवलेल्याला शांत झोप. तुझ्या मेहुण्याची भीती इथून आलेली आहे, आणि मी तिला हसणार नाही.

पण माझं मत विचारशील तर नोंदणी हा खलनायक नव्हे. कायद्यानं वागणाऱ्याला चटका बसला तो वर्ग बदलल्यामुळे: काल चालत होतं ते आज एका आदेशानं गुन्हा. नोंदणी नसती तरी बंदी आलीच असती. मात्र एकदा हे असं घडलं, की पुढच्या कुठल्याही नोंदणीला लोक विश्वासानं जाणार नाहीत, आणि ते नुकसान सरकारनं स्वतःच्या हातानं करून घेतलंय. अल्बर्टा आणि सस्कॅचवाननं २०२३ मध्ये आपापले कायदे करून केंद्राच्या जप्तीत खोडा घातला, ते याच रागावर. मे २०२२ पासून साधी बंदूक विकतानाही विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाचा परवाना तपासून क्रमांक घ्यायचा, आणि दुकानानं ती नोंद २० वर्षं ठेवायची, असा नियम आहे. रेंजवरची मंडळी त्याला मागच्या दारानं आणलेली नोंदणी म्हणतात. मला तो नियम रास्त वाटतो, पण हे मी रेंजवर बोलत नाही.

खरं काम करतो तो परवाना, आणि तुझा वेळ जाणार तोही तिथंच. नागरिकत्व लागत नाही, पीआरवर चालतं. एक दिवसाचा सुरक्षा कोर्स, मग लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत ८० टक्के हवेत. प्रात्यक्षिक हलक्यात घेऊ नकोस. टेबलावर निकामी केलेल्या वेगवेगळ्या बंदुका मांडलेल्या असतात, परीक्षक म्हणतो ही उचल, रिकामी आहे याची खात्री करून दाखव. नळीचं तोंड क्षणभरही त्याच्याकडे वळलं किंवा बोट चापाला लागलं की गुण गेले. माझ्या बॅचमध्ये लहानपणापासून हरणं मारणारे दोघे यातच नापास झाले. कुडाळचा मी, आमच्याकडे बंदूक कशी काखोटीला मारून वाडीभर फिरायचे ते तुला ठाऊकच आहे. ती सवय आधी सोडवावी लागते.

मग अर्ज. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावंच लागतं, प्रत्यक्षात महिने धर. घटस्फोट, नोकरी जाणं, नैराश्य, मारामारी असं सगळं विचारतात. बायकोची सही लागते, आणि नसेल तर तिला कळवतात. आमच्या घरी फोन आला तेव्हा तिला स्पष्ट विचारलं, तुम्हाला या गोष्टीची भीती वाटते का? असा फोन आपल्याकडच्या घरांतही यायला हवा, असं ती अजून म्हणते. तुला किमान ३ वर्षं ओळखणारी दोन माणसंही लागतील. नव्यानं आलेल्याची इथंच अडचण होते, म्हणून जुन्या ओळखीचे इथं कोण आहेत ते आत्ताच आठवून ठेव. एक मी आहेच.

परवाना मिळाला की प्रत्येक परवानाधारकाचं नाव रोज पोलिसांच्या नोंदींशी ताडून बघतात. देशात असे २२ लाखांहून अधिक लोक आहेत. एखाद्यावर गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी संबंधित अधिकाऱ्याला कळतं. निवडणूक आली की भात कापणीला आलेलं असताना, रानडुकरं शेतात असताना, बंदूक ठाण्यात जमा करायची आणि छाननी समितीची वाट बघायची, ही आपल्याकडची कटकट इथं नाही. त्याऐवजी ही रोजची अदृश्य नजर आहे. मला तीच बरी वाटते.

(रानडुकरं इथंही आहेत, बरं का. १९८०-९० च्या काळात मांसासाठी पाळायला आणलेली, कुंपणातून सुटली आणि प्रेअरीभर, म्हणजे इकडच्या सपाट गवताळ मुलखात, पसरली. एकदोन मारली की कळप आणखी पांगतो, म्हणून अभ्यासक हौशी शिकाऱ्यांना हात लावू नका म्हणतात.)

काय घ्यावं? पिस्तुलाचा विचार सोड, तो दरवाजा बंद आहे. ऑलिंपिक प्रकारातल्या खेळाडूंना सूट आहे, तुला-मला नाही. अर्धस्वयंचलित रायफल घेऊ नकोस, आज यादीत नसली तरी उद्याचं सांगता येत नाही. हातानं बोल्ट ओढायची पॉइंट टू-टू रायफल, किंवा साधी बारा बोरची शॉटगन घे, ती नोंदवावी लागत नाही. स्वसंरक्षणासाठी हवी असं अर्जात लिहू नकोस, ते कारण इथं चालत नाही. शिकार किंवा नेमबाजी, एवढंच.

घरात ठेवताना रिकामी, ट्रिगर लॉक लावून किंवा कुलपाच्या कपाटात, काडतुसं वेगळी. याबाबतीत मी तुला जरा घाबरवणारच आहे. निष्काळजीपणे ठेवलेली बंदूक हा इथं फौजदारी गुन्हा आहे. गोऱ्या शेजाऱ्याला शिक्षा झाली तर त्याला दंड पडेल, परवाना जाईल. तू नागरिक नाहीस. हत्यारांसंबंधीचा गुन्हा गंभीर वर्गात मोडला तर पीआरच धोक्यात येऊ शकतं, आणि मग वकिलाला इमिग्रेशनचं वेगळं प्रकरण लढावं लागतं. परवाना यायच्या आधी कुणाची बंदूक "दोन दिवस सांभाळ" म्हणून घरात घेऊ नकोस, मग तो कितीही जवळचा असो.

हरणांचा हंगाम साधारण नोव्हेंबरात असतो, त्याआधी उन्हाळ्याच्या शेवटी कोर्स भरून जातात. जूनमध्ये येतोयस तर पहिल्या महिन्यातच नाव नोंदव. शिकारीचा शिक्षणकोर्स वेगळा असतो, तो पुढच्या वर्षी केलास तरी चालेल. यंदा माझ्याबरोबर नुसता चालायला ये.