अहिल्याबाई होळकरांच्या आयुष्यावरच्या आर्ट प्रिंट्स घ्यायच्या आहेत. कोणते प्रसंग निवडावेत आणि घेताना काय बघावं?

दिवाणखान्यात लावायला चार प्रिंट्सचा संच हवाय आणि फसायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी लिनोकट करतो, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचे ठसे कागदावर उठवतो. अहिल्याबाईंवर सात ठशांचा एक संच केला, त्यात दोन वर्षं गेली. त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं स्वतः चुकून शिकलेलं आहे.

पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, तळहातावर शिवलिंग हे चित्र घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण एकच. बाजारातल्या बहुतेक संचांत हाच चेहरा चार वेळा असतो. मागे कुठे काशी, कुठे सोमनाथ, कुठे घाट, एवढाच काय तो फरक. त्यातून देवळांची यादी कळते, बाईंचं आयुष्य नाही.

चेहऱ्याबद्दल आधी सांगतो. जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने माळव्यात हिंडून, बाईंना पाहिलेल्या लोकांकडून आठवणी गोळा केल्या आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात छापल्या. त्याच्या वर्णनातल्या अहिल्याबाई मध्यम उंचीच्या, अगदी सडपातळ, सावळ्या आहेत. रूपवान कधीच नव्हत्या, पण मुद्रा प्रसन्न. राघोबादादांच्या आनंदीबाईंनी म्हणे एक दासी मुद्दाम त्यांना बघायला पाठवली होती. तिने परत येऊन सांगितलं की नाकीडोळी देखण्या नाहीत, पण चेहऱ्यावर तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातलं ‘देखण्या नाहीत’ एवढंच घेतलं आणि समाधान मानलं! आता दुकानातली प्रिंट बघा: गोरीपान, रेखीव भुवया, मालिकेतली नायिका. तिथे मी पाकिटाला हात लावत नाही.

प्रसंगांचं म्हणाल तर ठळक घटना तुम्हाला माहीत असतीलच. चौंडीचा जन्म १७२५चा. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ साली सासरे मल्हारराव, १७६७ साली मुलगा मालेराव. त्यानंतर कारभार बाईंकडे आणि फौज सरदार तुकोजी होळकरांकडे, राजधानी महेश्वर. यातलं प्रत्येक साल पकडून चित्र करत गेलं तर भिंतीवर शाळेतला तक्ता तयार होतो. माझी पहिली रेखाटनं तशीच होती, फाडून टाकली.

मग मी रोजचं शोधायला लागलो. पहाटेच्या आधी उठणं, दुपारी दोनला दरबार तो संध्याकाळी सहापर्यंत, पूजा आटोपून रात्री नऊ ते अकरा पुन्हा कागदपत्रं. रात्रीची ती बैठक मी कोरली: समई, कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि एक हात, बाकी सगळी काळी शाई. उन्हाळ्यात नांगर थांबवून बैलांना पाणी पाजण्यासाठी त्या माणसं पाठवत, तेही माल्कमने टिपलंय. संचातला हा बैलांचा ठसा सगळ्यात आधी संपला, आणि त्यात अहिल्याबाई दिसतसुद्धा नाहीत. महेश्वरच्या वाड्यात आजही पाटावर मातीची इवलीशी लिंगं करतात, पूजा झाली की ती नर्मदेत सोडतात. तोही एक सुरेख विषय आहे.

१७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने विनवलं, तिने ऐकलं नाही. घाटावर बाईंना दोघांनी धरून ठेवावं लागलं होतं. हा प्रसंग मी कोरायला घेतला आणि सोडून दिला. कुणी विकत असेल तर ज्वाळा किती आणि आई किती, ते बघून ठरवा.

आता माझी फजिती. ठसा उलटा उठतो हे लिनोवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. तरी महेश्वरचा घाट मी समोर फोटो ठेवून जसाच्या तसा कोरला. छापल्यावर पदर उजव्या खांद्यावर, आणि नर्मदा डावीकडून उजवीकडे निघालेली. महेश्वर नदीच्या उत्तर काठावर आहे आणि नर्मदा पश्चिमेला जाते, म्हणजे होडीतून घाटाकडे तोंड केलं की पाणी उजवीकडून डावीकडे जायला हवं. माझी होडी प्रवाहाविरुद्ध आरामात तरंगत होती. तिकडच्याच एका गृहस्थांनी प्रदर्शनात ते हसत हसत दाखवलं. तो लिनो अजून माझ्या टेबलाखाली पडलाय. तर पदराची बाजू, नदीची दिशा आणि मोडी अक्षरं असतील तर ती, एवढं तपासाच.

घेताना पहिला प्रश्न असा विचारा: हा हाताने उठवलेला ठसा आहे की चित्राची डिजिटल प्रत? दोन्हींत वाईट काही नाही, पण डिजिटल प्रत ठशाच्या भावात घेऊ नका. ठशाखाली सहसा पेन्सिलीने ७/२५ असं लिहून सही असते, म्हणजे पंचवीसपैकी सातवी प्रत. कागद आम्लविरहित हवा, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो. आणि थेट ऊन येतं त्या भिंतीवर कुठलीच प्रिंट लावू नका.

काठाला महेश्वरी साडीची लहर किंवा चटाई ही नक्षी असली की गिऱ्हाईक लगेच भुलतं. मीही तीन ठशांना ती दिली. पण स्वतः बाई वैधव्यानंतर साधं पांढरंच नेसत, म्हणून त्या जिथे दिसतात तिथे मी काठ कोरा ठेवला.

एकच निवडा म्हणालात तर सातवा. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, इतक्या स्तुतीला मी पात्र नाही म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. लेखकाची पुढे विचारपूसही केली नाही. हे वाचल्यावर आठवडाभर माझं कोरणं बंद होतं, कारण मीही तेच करत होतो. शेवटी पाण्यावर पसरलेली पोथीची पानं कोरली. नर्मदा या खेपेला उजवीकडून डावीकडे वाहते.