बातमी न लिहिता माध्यमांत काम: इंटर्नशिपविषयी दोन प्रश्न

प्रश्न: मी नांदेडमध्ये पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकते. चार श्रेयांकांच्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी वर्गातील बहुतेक जण एखाद्या दैनिकात किंवा वृत्तवाहिनीत जात आहेत. मला मात्र माध्यमांची मालकी आणि नियमन या विषयांवर पाठपुरावा करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत जायचे आहे. घरचे म्हणतात, जिथे बातमीच लिहायची नाही तिथे तू शिकणार काय? अशा संस्थेत विद्यार्थ्याला कोणते काम मिळते आणि संस्था चांगली आहे हे कसे ओळखावे?

उत्तर: घरच्यांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. या कामातून तुमचे नाव छापून येणार नाही आणि पुढे एखाद्या वाहिनीत नोकरी मिळण्याचा हा जवळचा मार्गही नाही. मात्र बातमी ज्या व्यवस्थेतून तयार होते ती व्यवस्था, म्हणजे परवाने, मालकी, तक्रारींची यंत्रणा आणि सरकारी नियम, आतून वाचायला शिकायची असेल, तर दैनिकाच्या कार्यालयात ते क्वचितच शिकायला मिळते. तिथे त्यासाठी कोणाला वेळच नसतो.

या क्षेत्रातील संस्थांचे काम कसे चालते, ते दोन उदाहरणांवरून लक्षात येईल. 2015 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेट सेवांविषयी एक सल्लापत्र काढले, तेव्हा ‘सेव्ह द इंटरनेट’ मोहिमेच्या आवाहनावरून दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले. त्यानंतर वेगळे सल्लापत्र आणि बराच वाद होऊन 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन ही संस्था याच मोहिमेतून उभी राहिली. दिल्लीचीच एसएफएलसी (सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर) ही संस्था देशात कुठे आणि किती वेळा इंटरनेट बंद केले गेले याची नोंद ठेवते. पत्रकार अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरवले. पण जिल्ह्याजिल्ह्यांत ते आदेश खरोखर प्रसिद्ध होतात का, हे कोणीतरी बसून तपासावेच लागते, आणि तो ‘कोणीतरी’ बहुधा विद्यार्थी असतो.

आता कामाचा एक तुकडा जवळून पाहा. वृत्तपत्रांच्या नोंदणीविषयीच्या 1956 च्या नियमांनुसार प्रत्येक नियतकालिकाला दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘नमुना 4’ नावाचे निवेदन छापावे लागे. प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे, आणि एकूण भांडवलाच्या 1 टक्क्याहून अधिक वाटा असलेल्या भागधारकांची नावे त्यात असत. आपण सगळ्यांनीच ती बारीक अक्षरांतली चौकट पाहिली आहे आणि न वाचता पान उलटले आहे. जुन्या अंकांतील अशी दहा वर्षांची निवेदने समोर घेऊन एका तक्त्यात भरा: कोणत्या वर्षी कोणते नाव आले, कोणते गेले, ज्या कंपनीचे नाव आले तिचे संचालक कोण. आठवडाभर हे काम कंटाळवाणे वाटेल. त्यानंतर एखाद्या दैनिकाची मालकी गुपचूप कोणाकडे सरकली आहे, हे तुम्हाला बातमी न वाचताही दिसू लागेल. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि डेटालीड्स या संस्थांनी 2019 मध्ये भारतीय माध्यमांच्या मालकीचा जो आढावा प्रसिद्ध केला, तशा कामांच्या मुळाशी हीच खातेवहीसारखी मेहनत असते.

दुसरे काम तक्रारींचे. यात घाई आणि काटेकोरपणा दोन्ही लागतात. दैनिकातील मजकुराबद्दल वृत्तपत्रांवरील तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जायचे असल्यास आधी संपादकाला पत्र लिहावे लागते आणि प्रकाशनापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. वाहिन्यांच्या स्वयंनियमनाच्या यंत्रणेत प्रसारणापासून सात दिवसांत आधी वाहिनीकडे तक्रार करायची असते. त्यामुळे रात्री नऊची चर्चा ऐकताना कोणता पाहुणा किती सेकंद बोलला, खाली कोणती पट्टी किती वाजता फिरली, ही नोंद त्याच रात्री झाली नाही तर तक्रारीला आधार उरत नाही. प्रेस कौन्सिल फार तर ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही, आणि वाहिन्या तिच्या कक्षेत येतच नाहीत. एवढी खटपट करून हाती ताशेरेच लागणार असतील तर ती करावी कशाला, हा प्रश्न तिसऱ्या दिवशी तुम्हाला पडेलच, आणि तो संस्थेतील ज्येष्ठांना जरूर विचारा. त्यांचे उत्तर ऐकले की संस्थेची पारख निम्मी होईल.

इथे मराठीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. दिल्ली आणि बंगळुरूच्या संस्थांचा बहुतेक व्यवहार इंग्रजीत चालतो. मराठी वाहिन्या आणि जिल्हा दैनिके त्यांच्या नजरेतून सहज निसटतात. मुलाखतीत ‘मला माध्यमांची आवड आहे’ असे सांगण्याऐवजी, ‘मराठवाड्यातील दैनिकांतील पुरवण्यांमध्ये जाहिरात आणि बातमी कुठे वेगळी केलेली नसते, याच्या पंधरा दिवसांच्या नोंदी मी केल्या आहेत,’ असे सांगून तो तक्ता पुढे ठेवा. शिवाय या विषयाचे आपल्याशी नाते जुने आहे. प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सांगणारे सर्वोच्च न्यायालयाचे 9 फेब्रुवारी 1995 चे निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे, पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ऑनलाइन मजकुरावरून शिक्षेची तरतूद करणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-अ कलमाविरुद्धची याचिका उभी राहिली ती 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरावरून झालेल्या अटकेनंतर, आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. अर्ज करण्यापूर्वी ही दोन्ही निकालपत्रे वाचा. उन्हाळ्याच्या सुटीत ती वाचून होतात.

संस्था निवडताना एकच कसोटी मी आग्रहाने सांगेन. जी संस्था वृत्तपत्राला ‘तुमचा मालक कोण’ असे विचारते, तिने ‘आमचे देणगीदार कोण’ हे स्वतःहून जाहीर केलेले असले पाहिजे. वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब मागा. टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था शोधा. प्रशिक्षणासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या ठिकाणी अजिबात जाऊ नका. विद्यावेतन मिळेल की नाही, हे पहिल्याच पत्रात विचारण्यात संकोच नको. नांदेडहून दिल्लीला राहण्याचा खर्च घरच्यांना करायचा आहे, हे समजण्याइतकी माणुसकी संस्थेत असावी. चार श्रेयांकांसाठी साधारण 120 तास भरावे लागतात. ते घरून भरता येतील का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

प्रश्न: मी मूळचा पुण्याचा असून अमेरिकेत एफ-1 व्हिसावर संज्ञापन शास्त्रात एमए करत आहे. उन्हाळ्यात माध्यमसुधारणेसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेत इंटर्नशिप करावी असे वाटते. बिनपगारी असेल तर परवानगी लागत नाही, असे मित्र म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर: मित्रांच्या भरवशावर राहू नका. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या इंटर्नशिपसाठी, म्हणजे सीपीटीसाठी, विद्यापीठातील संबंधित अधिकाऱ्याची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी मिळालेली असावी लागते, आणि पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली तर त्या पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम करण्याची परवानगी, हातची जाते. बिनपगारी कामाचे नियम गुंतागुंतीचे आहेत. तुमच्या विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय जे लेखी देईल तेच धरून चाला.

कामाविषयी बोलायचे तर तिथे संधी चांगल्या आहेत. 2003 मध्ये स्थापन झालेली फ्री प्रेस ही संस्था माध्यमांच्या केंद्रीकरणाविरुद्ध लढत आली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने माध्यमांच्या मालकीवरचे निर्बंध सैल केले होते आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने ते बदल आयोगाकडे फेरविचारासाठी परत पाठवले. त्या खटल्याला ज्या संस्थेचे नाव आहे, ती फिलाडेल्फियाची प्रोमेथियस रेडिओ प्रोजेक्ट कमी शक्तीच्या एफएम केंद्रांसाठी काम करते. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखे सामुदायिक रेडिओ केंद्र तुम्ही पाहिले असेल, तर त्या कामाचा अर्थ तुम्हाला लगेच कळेल. अमेरिकेतल्या प्रसारण केंद्रांना आपली ‘सार्वजनिक फाइल’ ऑनलाइन ठेवावी लागते. राजकीय जाहिरात कोणी विकत घेतली, कोणत्या वेळेला आणि किती डॉलरला, हे त्यात असते, आणि ती चाळण्याचे काम इंटर्नकडे येऊ शकते.

संस्थेचा ‘फॉर्म 990’, म्हणजे करखात्याला द्यायचे वार्षिक विवरणपत्र, अर्जापूर्वी वाचा. करमुक्त संस्थांना तो मागेल त्याला दाखवावा लागतो. आणि संस्थेचे पत्र, विद्याशाखेची श्रेयांकांची मान्यता व सीपीटीची नोंद झालेला आय-20 (विद्यापीठाने दिलेला विद्यार्थी-व्हिसाचा दाखला) हे तिन्ही कागद हाती आल्याशिवाय कामाच्या पहिल्या दिवसाची तारीख पक्की करू नका.